मोजणीचा सप्ताह

शिवनाम सप्ताहाच्या पाचव्या सकाळी देविकानं दाराबाहेरची लाल डाकपेटी उघडली, तेव्हा कार्डं घसरून तिच्या पायांवर पडली. पेटी आधीच भरली होती. भरलेल्या पेटीत कुणीतरी वरून आणखी चार-पाच कोंबली होती, त्यांचे कोपरे दुमडले होते. देविकानं ती पदरात गोळा केली आणि आत नेऊन टेबलावर ओतली.

पलीकडे देवळापुढच्या मांडवात पारायण चाललं होतं. माईकवरून ओव्या येत होत्या. एक ओवी संपून दुसरी सुरू होईपर्यंत मधे जी फट पडते, तेवढ्यात गावातली गिरणी, म्हशी, भांडी यांचे आवाज ऐकू येत आणि पुन्हा बुडून जात. सप्ताहाचे सात दिवस पिंपळझरी गाव असं ओव्यांच्या फटीतून नांदतं.

बिराजदारांच्या घराची रस्त्याकडची खोली म्हणजे गावाचं पोस्ट. रामलिंगअप्पांच्या वडिलांनी ती खात्याला वापरायला दिली. पुढं अप्पा स्वतः पोस्टमास्तर झाले, त्यांच्यानंतर धाकटा मुलगा नागनाथ, आणि नागनाथ गेल्यावर त्याच्या जागी त्याची बायको देविका. मधल्या काळात जुनं घर पाडून स्लॅबचं झालं, पण पोस्टाची खोली जागची हलली नाही. खोलीतून घरात उघडणारं एक दार होतं. दाराच्या अलीकडे सरकार आणि पलीकडे चूल.

त्या दारातून महानंदा आत आली. ती थोरल्या सिद्धेश्वरची बायको. दोघं सप्ताहासाठी लातूरहून आली होती. तिच्या हातात चहाचे दोन कप होते.

"एवढी?" तिनं टेबलाकडे बघितलं. "कालच्यापेक्षा जास्ती दिसतात."

"हाव. काल रात्रीच्या कीर्तनातून उठून लोकं टाकून गेले."

"शिक्के मी मारू का थोडे?"

"न्हाई अक्का. ते मलाच मारावं लागतंय."

देविका एकेक कार्ड सरळ करत होती, शिक्का मारत होती आणि डावीकडे ठेवत होती. तिच्या हालचालीत घाई नव्हती आणि आनंदही नव्हता. महानंदाला ते जरा विचित्र वाटलं. एवढा सगळा खटाटोप चालला होता तो हिच्यासाठीच ना?

खटाटोप असा होता. पत्रं आटत चालली होती. रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विरघळून गेलं. गावात यायचं ते आधार कार्ड, बँकेची नोटीस, एखाद्या पोरीनं मोबाइलवर मागवलेल्या चपला. खात्यानं आता ठरवलं होतं की जिथं टपाल कमी, तिथलं वाटप गावातून बंद करायचं आणि अहमदपूरच्या नव्या केंद्रातून गाडीवर करायचं. डाक सेवकांनी रोज सकाळी अहमदपूरला हजर व्हायचं, चार-पाच गावांचं टपाल घेऊन निघायचं. बचतीची कामं बाजाराच्या दिवशी ग्रामपंचायतीत होतील. म्हणजे ही खोली रिकामी होणार. पण त्याआधी एक आठवडा प्रत्येक गावाचं टपाल मोजायचं होतं, आणि पिंपळझरीच्या मोजणीचा आठवडा नेमका सप्ताहात आला.

कार्डांची कल्पना सिद्धेश्वरची. पहिल्याच दिवशी त्यानं महाराजांच्या कानावर घातलं, आणि महाराजांनी कीर्तनाच्या गादीवरून गावाला सांगितलं, "शिवनाम घ्यायला जीभ दिली, तसा हात कशाला दिला? एकमेकांची खुशाली लिहायला. रोज एक कार्ड टाका, तुमचं पोस्ट तुमच्या गावात राहील." दुसऱ्या दिवशी सिद्धेश्वरनं लातूरहून कार्डांचे गठ्ठे मागवले. गाव लिहायला बसलं. कुणाला लिहिणार? बाहेरगावच्या पाहुण्यांचे पत्ते कुणाला पाठ नव्हते, सगळ्यांचे नंबर मोबाइलमध्ये. म्हणून गावानं गावालाच लिहिलं. कार्ड पेटीत पडे, थैलीतून अहमदपूरला जाई आणि दुसऱ्या दिवशी समोरच्याच घरी परत येई.

"बघू बघू, आज काय लिहिलंय," म्हणत विठाबाई आत आल्या. त्या अप्पांच्या थोरल्या बहीण, चाकूरला दिलेल्या. सप्ताह म्हटलं की आठ दिवस आधी माहेरी येणाऱ्या. त्यांनी परवानगी न घेता खुर्ची ओढली, चष्मा चढवला आणि एक कार्ड उचललं.

"आत्या, लोकांची पत्रं हायत ती," देविका म्हणाली.

"उघडं कार्ड हाय, पोरी. उघडं ठेवलं म्हंजे वाचायसाठीच. ऐक. 'श्री सरपंचांस शरणार्थ. तुमच्या बोअरचं पाणी आमच्या दारात येऊन राहिलं. तोंडानं सांगितलं तर तुम्ही भांडता, म्हणून लेखी.'" विठाबाईंनी दुसरं उचललं. "हे त्याचं उत्तर दिसतंय. 'तुमची म्हैस कुणाच्या कडब्यात असते ते आधी लिहा.'"

महानंदाला हसू आलं. "अहो, हे खुशाली लिवून राहिले का भांडण?"

"भांडण बी खुशालीच की. मेलेला माणूस भांडतो का?" विठाबाईंनी तिसरं घेतलं आणि त्या थांबल्या. "हे आपल्या सिद्धूचं. 'प्रिय देविका, तू आमच्या घराचा आधार आहेस. पोस्ट टिकलं पाहिजे. तुझा भाऊजी.' बघ, किती मायेनं लिवलंय. आणि तू त्येच्यावर ठपकन शिक्का हाणतीस."

"सगळ्यांवर तसाच हाणावा लागतो, आत्या."

विठाबाई दोन-चार कार्डं वाचून, चहा पिऊन मांडवाकडे गेल्या. महानंदा मात्र हलली नाही. कपातला चहा गार झाला तरी देविकानं उचलला नव्हता.

"देविका," ती म्हणाली, "तुला बरं वाटून न्हाई राहिलं का? खरं सांग."

देविकानं मधल्या दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं, ते कधी बंद नसे. तिनं उठून ते लोटलं आणि परत येऊन बसली.

"मी होकार देऊन बसलेय, अक्का. अहमदपूरला. केंद्रावर."

"कधी?"

"साहेबांनी विचारलं तवाच. जायला तयार हाव का म्हणले, मी हाव म्हणले. पण मोजणीत टपाल भरलं तर वाटप इथंच राहतंय. मग होकार असून उपयोग न्हाई."

महानंदानं गार झालेला कप बाजूला सारला. "अगं, घरबसल्या नोकरी हाय. लोकं तरसतात. रोज उठून गाडी हाणत पाच गावं फिरायचं, उन्हातान्हात, आणि ते कशासाठी?"

"घरबसल्या हाय, तेच तर." देविकानं शिक्का खाली ठेवला. "मी इथं पैसे मोजत असते, आतून हाक येते, दूध उतू चाललंय. मी उठते. चपाती लाटत असते, बाहेरून हाक येते, पासबुक भरून दे. मी पिठाचे हात धुऊन येते. लोकं दुपारी येतात, जेवताना येतात. अप्पांना वाटतंय मी घरात हाय, लोकांना वाटतंय मी पोस्टात हाय. मला सांगा, मी कुठं हाय? एवढ्या वर्षांत मी कामावर गेलेच न्हाई, अक्का. कामच माझ्यावर येऊन बसलंय. मला एकदा दारातून बाहेर पडून कामावर जायचंय."

"मग सांगायचं ना घरात."

"कुणाला? सगळं गाव माझ्यासाठी कार्डं लिवून राहिलंय. महाराज गादीवरून बोलले. आता मी काय तोंडानं सांगू, की तुमची माया नको?"

"मग ही कार्डं थैलीतच घालू नकोस. दोन गठ्ठे ठेव बाजूला. कोण बघतंय?"

देविकानं तिच्याकडे असं बघितलं की महानंदाला बोलल्याचा पस्तावा झाला.

"टाकलेलं टपाल हाय ते," देविका एवढंच म्हणाली आणि पुढचं कार्ड घेतलं.

महानंदा चुलीपुढं येऊन बसली. सासूबाई, कस्तुराबाई, म्हणजे घरातल्या अव्वा, गुडघ्यावर हात ठेवून खिरीसाठी गहू निवडत होत्या. त्यांच्या गुडघ्याला डॉक्टरांनी ऑपरेशन सांगून वर्ष झालं होतं. मागच्या दिवाळीत महानंदानंच नवऱ्याला विचारलं होतं, अव्वा-अप्पांना लातूरला आणायचं का. सिद्धेश्वर म्हणाला होता, "देविका हाय की तिथं." आणि तिलाही ते ऐकून हलकं वाटलं होतं. दोन खोल्यांचं घर, सिद्धेश्वरचं कोचिंग क्लासच्या होस्टेलचं रात्रंदिवसाचं काम, दोन म्हातारी माणसं कुठं ठेवायची? देविका होती म्हणून तो प्रश्न लातूरपर्यंत आलाच नव्हता. सिद्धेश्वरनं आजवर पोस्टाच्या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आता अचानक त्याला पोस्टाचा एवढा कळवळा का, हे इतरांना कळलं नसेल, महानंदाला कळत होतं. आणि आपण गप्प बसलो तर आपलंही घर तेवढंच सुखात राहील, हेही.

दुपारी पारायण सुटलं. माणसं कपाळाला भस्म लावून जेवायला आली. अप्पांनी आधी लिंगपूजा केली, मग पाटावर बसले. सिद्धेश्वर त्यांच्या शेजारी, विठाबाई भिंतीला टेकून. देविका वाढत होती.

"उद्या सकाळी निरीक्षक येऊन राहिलेत," सिद्धेश्वरनं भाकरी मोडत सांगितलं. "मी फोनवर बोललो. आकडा चांगला हाय म्हणले. फक्त गावातल्या जाणत्या माणसाला एकदा विचारतील, टपाल असंच येतं का म्हणून. तिथं तुम्ही बसा, अप्पा. तुमचा शब्द कोण मोडतंय? आयुष्य गेलं तुमचं ह्या खोलीत."

"बसतो की," अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज खुशीत होता. "माझ्या बापानं खोली दिली तवा गावात कंदील व्हता. माझ्या डोळ्यांदेखत जायला नको एवढंच."

"जात न्हाई. आणि काल्याच्या दिवशी देविकाचा सत्कार ठेवलाय. शाल, नारळ. महाराजांच्या हातनं."

देविकाच्या हातातला आमटीचा वाडगा थांबला. "सत्कार नको, भाऊजी."

"का नको? लाजतीस काय?"

"ती लाजत न्हाई," महानंदा म्हणाली. ती चुलीपाशी उभी होती. आपण बोलणार हे तिला बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं. "तिला अहमदपूरला जायचंय. तिनं होकार दिलाय खात्याला."

जेवणारे हात थांबले. मांडवातून कुणीतरी माईक तपासत होतं, "हॅलो, हॅलो," तेवढंच ऐकू आलं.

"काय म्हणून राहिली तू?" सिद्धेश्वर बायकोला म्हणाला.

"ती म्हणाली ते."

सगळे देविकाकडे बघू लागले. तिनं वाडगा खाली ठेवला. "हाव. जायचंय मला."

"वेडी हायस का? कोण सांगतंय तुला गाडीवर फिरायला? आम्ही सगळे इथं जिवाचं रान करून राहिलो..."

"गाडी येते का तुला?" विठाबाईंनी मधेच विचारलं.

"येते. लायसन बी हाय."

"कधी काढलंस?"

"श्रावणात."

"म्हंजे श्रावणात सोमवारी महादेवाला जाते, जाते म्हणत व्हतीस ते लायसन काढायला."

"महादेवाला बी गेले, आत्या. वाटेतच हाय."

विठाबाईंनी तोंडाला पदर लावला. हसू लपवण्यासाठी की रागानं, ते कळलं नाही.

"आत्या, हसू नका," सिद्धेश्वर म्हणाला. "देविका, तू दिवसभर बाहेर राहशील, मग अव्वाकडं कोण बघायचं? अप्पांचं जेवण?"

"आता कळलं," विठाबाई म्हणाल्या. आणि जी बाई सकाळी भाच्याच्या मायेचं कौतुक करत होती, ती आता त्याच्याकडे तिरपं बघत होती. "कार्डात आधार लिवला व्हता तो ह्यो व्हय."

"मी वाईट काय बोललो? नागनाथ असता तर मी..."

"नागनाथाचं नाव काढू नको," कस्तुराबाई म्हणाल्या. इतका वेळ त्या गव्हातून खडे काढत होत्या, हात अजूनही चालू होता. "आणि माझ्या गुडघ्याची काळजी माझ्या पुढं करू नको. भाकरी मी अजून थापते. घास भरवायला लागंल तवा बघू, लातूर काय पळून चाललंय?"

महानंदानं मान खाली घातली. लातूर पळून चाललं नव्हतं, हे खरंच होतं.

अप्पा पुन्हा जेवायला लागले होते. ताटातली भाकरी त्यांनी संपवली, हात धुतला, आणि दारापाशी जाऊन देविकाला विचारलं, "मला का न्हाई सांगितलं?"

"सांगणार व्हते. तवर पहिल्या दिवशी कीर्तनात जाहीर झालं, आणि तुम्ही पहिलं कार्ड लिवलं. मग धीर झाला न्हाई."

"माझ्या बापाची खोली हाय ती."

"हाव, अप्पा. माझी बी नोकरी हाय."

ती उद्धटपणे बोलली नव्हती. अप्पांना ते उद्धटपणापेक्षा जड गेलं. ते टोपी घालून मांडवाकडे निघून गेले आणि दुपारभर टाळकऱ्यांच्या सतरंजीवर पडून राहिले.

संध्याकाळचं कीर्तन दिवे लागताना उभं राहिलं. कीर्तनाची एक रीत असते. आधी नुसतं नाम, मग नामाला चाल लागते, चाल चढते, पखवाज पाठीमागून रेटत येतो, आणि ऐकणाऱ्याला कळायच्या आत तो स्वतः त्यात असतो. मग महाराज हात वर करतात आणि सगळं एकदम थांबतं. त्या थांबण्यात जे काही सांगितलं जातं ते थेट आत उतरतं. अप्पांनी लहानपणापासून टाळ धरला होता. या थांबण्यासाठीच ते कीर्तनाला येत.

आजही हात वर झाला, आणि महाराजांनी सेवाभावाचं निरूपण धरलं. शरण, म्हणजे खरा शिवभक्त, कसा असावा, तर हातातलं काम सोडू नये आणि नामही सोडू नये. बोलता बोलता त्यांची नजर अप्पांवर गेली.

"दूर कशाला जायचं? आपल्या गावातच बघा. बिराजदारांची सून. लोकांच्या सुना नोकरीसाठी घर सोडून वणवण हिंडतात. ही माउली घरात बसून सरकारची सेवा करते आणि सासू-सासऱ्यांची पण. उंबरा ओलांडायची पाळी नाही. याला म्हणतात भाग्य."

मांडवात टाळ्या झाल्या. हे वाक्य अप्पांना नवं नव्हतं. ते स्वतःच ते पाहुण्यांना अभिमानानं सांगत आले होते, अगदी याच शब्दांत. आज ते ऐकताना त्यांनी बायकांच्या बाजूला बघितलं. देविका तिथं बसली होती. शेजारच्या बायका तिच्याकडे वळून कौतुकानं हसत होत्या, एकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता. देविकाही हसत होती, कारण हसावं लागत होतं. नागनाथ गेला तेव्हा सांत्वनाला येणाऱ्या प्रत्येकीला ती असंच बसून उत्तर देत होती. अप्पांना तो चेहरा ओळखू आला. तेव्हा त्यांनी त्याला सोशिकपणा म्हटलं होतं.

पखवाज सुरू झाला. नामाचा गजर उठला. अप्पांचा टाळ एक मात्रा मागं पडला. शेजारच्या टाळकऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं. ते सावरले, पुन्हा चुकले, आणि मग त्यांनी टाळ मांडीवर ठेवून दिला.

सकाळी निरीक्षक मोटारसायकलवरून आले. तरुण माणूस, घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. सप्ताहाचा मांडव बघून त्यांनी आधी देवळात जाऊन नमस्कार केला, मग पोस्टाच्या खोलीत बसले. कस्तुराबाईंनी पाणी दिलं. सिद्धेश्वर दारात उभा होता. देविका भिंतीपाशी, टेबलापासून लांब. तिच्याच नोकरीचा प्रश्न असल्यानं तिनं बोलायचं नव्हतं. महानंदा आणि विठाबाई मधल्या दारात.

निरीक्षकांनी थैली उघडली, कार्डं पाहिली, आकडे ताडून घेतले. "छान आहे," ते म्हणाले. "तालुक्यात एवढं टपाल कुठल्याच खेड्यात नाही. गाव लिहितं-वाचतं दिसतं."

"आमचं गाव पहिल्यापासून तसंच हाय, साहेब," सिद्धेश्वर म्हणाला.

"तुम्ही इथलेच जुने पोस्टमास्तर ना?" निरीक्षकांनी अप्पांना विचारलं. "मग तुम्हीच सांगा. एवढं टपाल नेहमी येतं? आकडा भरलाय, मला फक्त हे विचारून वर कळवायचंय. तुम्ही हो म्हणालात की वाटप इथंच राहील, काही बदलणार नाही."

अप्पा त्यांच्या जुन्या लाकडी स्टुलावर बसले होते. त्यांनी हो म्हटलं की खोली राहणार होती, भिंतीवरची वडिलांची तसबीर राहणार होती, रोज सकाळी ओट्यावर बसून गावाचं टपाल येताना बघायचं सुख राहणार होतं, आणि सून घरात राहणार होती. नाही म्हटलं की ह्यातलं काहीच हातात राहणार नव्हतं, आणि ते त्यांच्याच तोंडून जाणार होतं. सिद्धेश्वरनं खाकरून त्यांच्याकडे बघितलं. देविका खाली फरशीकडे बघत होती.

"न्हाई," अप्पा म्हणाले.

"म्हणजे?"

"नेहमी न्हाई येत. सप्ताह हाय म्हणून गावानं एकमेकाला लिवलं. परवा काला झाला की पेटी रिकामी. वाचून बघा, उघडी कार्डं हायत. म्हैस आणि बोअर, दुसरं काय न्हाई त्यात."

"अप्पा," सिद्धेश्वर म्हणाला.

"तू थांब जरा." अप्पांनी त्याच्याकडे न बघता सांगितलं. "साहेब, ह्या पोरीनं त्यातलं एक कार्ड मागं ठेवलं न्हाई. तिला ठेवता आलं असतं, तिच्या फायद्याचं व्हतं. एवढं बी वर कळवा."

निरीक्षकांनी देविकाकडे बघितलं आणि मग थोडा वेळ थैलीकडे. त्यांनी लिहायचं ते लिहिलं, पाणी संपवलं, आणि जाताना देविकाला म्हणाले, "पहिली तारीख. सकाळी नऊला केंद्रावर. हेल्मेट आणा."

ते गेल्यावर सिद्धेश्वरनं बॅग भरायला घेतली. काल्याला दोन दिवस होते. "थांब, खीर खाऊन जा," कस्तुराबाई म्हणाल्या. तो थांबला नाही. महानंदा त्याच्याबरोबर एसटीपर्यंत गेली आणि एकटीच परत आली. "मी काल्यानंतर येते म्हणाले," तिनं सांगितलं. "अव्वाच्या गुडघ्याची तारीख घेऊनच जावं म्हणते. ते चिडलेत."

"चिडू दे," विठाबाई म्हणाल्या. "त्याचा आजा बी असाच चिडायचा. खीर केली की येत व्हता."

सिद्धेश्वर मात्र आला नाही. देविकाचा सत्कारही झाला नाही. महाराजांच्या कानावर काय गेलं कोण जाणे, त्यांनी काल्याच्या कीर्तनात पोस्टाचं नाव काढलं नाही. गावातल्या काही लोकांनी अप्पांशी बोलणं सोडलं. आम्ही एवढं लिहिलं, आणि ह्या म्हाताऱ्यानं आमचं लिहिणं मोजू नका म्हणून सांगितलं, असा त्यांचा राग होता, आणि तो चुकीचा होता असंही म्हणवत नाही. अप्पांनी कुणाला समजावायला जायचं टाळलं.

पहिल्या तारखेला देविका निघाली. अहमदपूरच्या रस्त्याला लागेपर्यंत गाडीचा आवाज घरात ऐकू येत होता. खात्याच्या माणसांनी आदल्या दिवशीच खोलीतलं कपाट, तराजू आणि बाहेरची पेटी नेली होती. भिंतीवर पेटीच्या जागी फिकट चौकोन राहिला होता. अप्पा सवयीनं ओट्यावर येऊन बसले.

उन्हं वर आल्यावर वरच्या आळीची एक म्हातारी काठी टेकत आली. तिची निराधार पेन्शन याच खोलीतून मिळत असे.

"देविका कुठं हाय?" तिनं आत डोकावून विचारलं. "बोलव तिला. माझं पैसं आलं का बघायचंय."

"घरी न्हाई. कामावर गेलीय."

"कामावर? मग इतके दिवस इथं काय करून राहिली व्हती?"

अप्पा थोडे सरकले आणि तिला ओट्यावर बसायला जागा करून दिली. म्हातारी बसली, काठी आडवी ठेवली, आणि आता संध्याकाळपर्यंत इथंच बसते, ती आली की विचारते, असं म्हणाली.

"सांजच्याला न्हाई," अप्पा म्हणाले. "दमून येईल ती. बाजारच्या दिवशी ये, ग्रामपंचायतीत."